वांगी रंगाची बरणी

अमरावतीत सूर्यभानजी धांड्यांचं कृषी केंद्र कोणालाही विचारा, सांगतील. बियाणं, खत, औषध आणि उधारी मागतानाचं गोड बोलणं, एवढ्या भांडवलावर त्यांनी आयुष्यभर दुकान चालवलं आणि मग ते मुलाच्या, श्यामच्या, हवाली केलं. रिकाम्या माणसाला काही ना काही नाद लागतोच. कोणी भजनी मंडळात जातो, कोणी पतसंस्थेच्या निवडणुकीत पडतो. सूर्यभानजींना जुन्या चिनी वस्तूंचा नाद लागला, आणि त्यातही फक्त जांभळ्या.

याचा दोष द्यायचाच तर एका खत कंपनीला द्यावा लागेल. जास्त माल उचलणाऱ्या दुकानदारांना तिने एका वर्षी चीनची सहल घडवली. बाकीच्यांनी तिकडून पाठ चोळायची यंत्रं आणली, नातवंडांसाठी बोलणारे पोपट आणले. सूर्यभानजी मात्र एका जुन्या बाजारात एका कपापुढे जे उभे राहिले, ते हलेचनात. दुकानदाराने मोबाइलमध्ये काहीतरी बोलून त्याचं हिंदी ऐकवलं: या झिलईला आमच्याकडे वांग्याच्या सालीचा जांभळा म्हणतात. ज्या माणसाचा अर्धा जन्म वांग्याचं बी विकण्यात गेला, त्याचं हे ऐकून काय झालं असेल! जे वांगं आपण रोडग्याबरोबर ओरपतो, त्याच्या सालीवर तिकडे राजेरजवाड्यांचे कुंभार जीव टाकत होते. सूर्यभानजींना एकदम चीन हा आपला तालुका वाटायला लागला.

तेव्हापासून त्यांचं कलकत्त्याला जाणं-येणं सुरू झालं. तिथल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला हे गिऱ्हाईक थोडं चक्रम वाटे, कारण ते पिशवीत ताजं वांगं घेऊन येई. वस्तू उजेडात धरायची, शेजारी वांगं धरायचं. निळ्याकडे झुकली तर नको, तांबूस मारली तर नको. रोकड खणखणीत असल्यामुळे व्यापाऱ्याने पुढे वांग्यालाही खुर्ची दिली. अशा रीतीने माडीवरच्या खोलीत माल जमत गेला. शंभरेक वर्षांपूर्वीचा जाड लोकरी गालिचा, सगळा जांभळा आणि फक्त एका कोपऱ्यात फुलांची फांदी. कप, बशा, थाळ्या. कोण्या चिनी बाईच्या अंबाड्यातले जांभळ्या खड्यांचे काटे. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे एक झाकणाची बरणी, दोन नारळांएवढी, दीडशे वर्षांची, सकाळी दवात तोडलेल्या वांग्यासारखी.

आता एवढा माल घरात येतो म्हटल्यावर घरची बाई भाव विचारणारच. वच्छलाबाई विचारत. सूर्यभानजी सांगतही. फक्त कलकत्त्याहून येताना किमतीतली शेवटची दोन शून्यं, कधी तीनही, ते बडनेरा स्टेशनवरच उतरवून ठेवत. गालिचा हातमागाच्या प्रदर्शनातला, थाळ्या भंगारातल्या, बरणी दीडशे रुपयांची. वच्छलाबाईंना ते खरं वाटे, कारण त्यांच्या मते त्या वस्तूंची लायकी तेवढीच होती. उलट दीडशेही जास्त झाले, चावडीसमोरच्या बाईकडे शंभराला मिळते, असं त्यांचं म्हणणं होतं. सूर्यभानजी मान डोलवत. फसलेला नवरा म्हणून घेणं त्यांना स्वस्त पडत होतं.

हा हिशेब महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी बोंबलला.

त्यांची मुलगी प्रतीक्षा अकोल्याला दिली आहे. सणाला ती माहेरी आली होती आणि सूर्यभानजी डोळे तपासायला नागपूरला गेले असताना परत निघाली. लेकीला लोणचं द्यायचं होतं. स्टीलच्या डब्यात लोणचं काळं पडतं, प्लास्टिकला वास येतो, लोणच्याला चिनी मातीच पाहिजे, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक. वच्छलाबाईंना माडीवरची बरणी आठवली. पडूनच तर आहे, आणि दीडशेचीच तर आहे. त्यांनी ती खाली आणली, कोरड्या फडक्याने पुसली आणि आंब्याच्या लोणच्याने गळ्यापर्यंत भरून वरून तेल सोडलं.

प्रतीक्षाने बरणी ओळखली. बापाच्या मोबाइलवर लिलावात बोली लावायचं काम तीच करून द्यायची, त्यामुळे तिला सगळी शून्यं पाठ होती. पण आईपुढे बोलावं तर बापाचा सगळा गल्ला उघडा पडणार. ती मुकाट्याने बरणी मांडीवर घेऊन अकोल्याला गेली आणि तिथून तिने नागपूरला फोन केला.

"बाबा, बरणी माह्या संगं आली. लोणचं हाय तिच्यात. आन् सासूबाईले लय आवडली."

सूर्यभानजींच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, तरी त्यांना सगळं स्वच्छ दिसलं. त्या झिलईत केसासारख्या बारीक भेगांचं जाळं होतं. त्यातून तेल आत उतरणार, मागून मीठ उतरणार, हळद उतरणार. दीडशे वर्षं टिकलेला जांभळा रंग आंब्याच्या फोडींपुढे हात टेकणार. वच्छलाबाईंना सांगावं तर बरणी वाचेल, पण खोली जाईल. न सांगावं तर खोली वाचेल, पण बरणी जाईल. दोन्ही वाचवायचा एकच रस्ता होता, आणि तो मूर्तिजापूरवरून अकोल्याला जात होता.

नागपूरहून परतल्यावर घरी त्यांनी कृषी विद्यापीठात काम असल्याचं सांगितलं. बाजारातून लोणच्याची एक मोठी, पांढरी-पिवळी, घट्ट झाकणाची नवी बरणी घेतली आणि सकाळच्या एसटीत बसले.

व्याही किसनराव बार्शीटाकळीकडचे जमीनदार शेतकरी. पण सगळी हयात अकोल्याच्या बाजारात कापूस विकण्यात गेल्यामुळे माणूस तोंड उघडायच्या आत त्याचा भाव ओळखणारे. त्यांचे इवाई, म्हणजे व्याही सूर्यभानजी, न कळवता आले, हातात नवी बरणी, आणि बसल्याबरोबर नजर स्वयंपाकघराकडे. किसनरावांनी सुपारी कातरायला घेतली आणि गंमत पाहत बसले. विहीणबाई, म्हणजे मनकर्णाबाई, भल्या बाई. त्यांनी जेवायला वाढलं, आणि इवायाच्या मानाखातर त्याच्याच घरचं लोणचं वाढलं. बरणी पाटाशेजारी आली. झाकणाच्या कडेला तेल ओघळलेलं होतं. सूर्यभानजींनी ते पाहिलं. मग त्यांच्या मनात आलं की लोणचं संपलं तर प्रश्नच मिटला, आणि त्यांनी पोळीला लोणचं, भाताला लोणचं, वरणात लोणचं असा सपाटा लावला. पाचव्या फोडीला मनकर्णाबाईंनी सुनेकडे पाहिलं. प्रतीक्षाने तोंडाला पदर लावून भिंतीकडे पाहिलं.

पाणी पिऊन सूर्यभानजींनी विषय काढला. ही नवी बरणी मोठी आहे, झाकण घट्ट आहे, लोणचं हिच्यात काढून घ्या, ती जुनी मी घेऊन जातो. अगदी दुकानातल्या आवाजात, जशी गिऱ्हाइकाचीच सोय पाहतोय.

मनकर्णाबाई म्हणाल्या, ठीक आहे, पण आज नाही. दिवाळीला लिंबाचं लोणचं घालीन, ते भरून देईन. लेकीच्या माहेरून आलेलं भांडं रिकामं परत जात नाही.

सूर्यभानजी घाईत बोलून गेले, "रिकामीच द्या न ईनबाई, मले रिकामीच पायजे."

किसनरावांचा अडकित्ता थांबला. रिकामं भांडं परत मागणं म्हणजे तुमच्या घरात भरायला काही नाही, असं तोंडावर सांगणं. आणि तेही मुलीच्या बापाने, मुलीच्या सासरी बसून, सासूला.

"आमचं घर एवढं गेलं नाही इवाई," मनकर्णाबाई शांतपणे म्हणाल्या, आणि तो शांतपणा काही बरा नव्हता. "थांबा, वच्छलाबाईलेच विचारतो. त्यायनंच बरणी मांगून आण म्हणून धाडलं काय तुमाले?"

त्यांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा पाटावर ठेवला. वच्छलाबाईंना आधी कळेना की विद्यापीठात गेलेला नवरा विहिणीच्या घरी काय करून राहिला. मग कळल्यावर त्यांनी लाजून विचारलं. एका बरणीसाठी? दीडशेच्या?

तेव्हा सूर्यभानजींनी पहिली बोली लावली. घसा साफ करून ते म्हणाले की बरणी दीडशेची नव्हती, कुकरएवढी होती. चांगल्या कंपनीच्या कुकरएवढी.

मनकर्णाबाई म्हणाल्या, कुकर असला तरी आमी कोणाचा कुकर रिकामा धाडत नाही.

सूर्यभानजींनी घाम पुसला. कुकर म्हणजे कमीच सांगितलं, ते म्हणाले, फ्रिजएवढी धरा. फोनमधून वच्छलाबाईंनी विचारलं की एकदारी की दोनदारी. दोनदारी, सूर्यभानजी म्हणाले. पण मनकर्णाबाईंचा चेहरा हलला नाही. मुलीच्या सासरचा अपमान दोनदारी फ्रिजने भरून निघत नसतो.

किसनराव मात्र आता पुढे सरकून बसले होते. भाव अजून चढायचा असला की माणसाचा आवाज कसा होतो, हे त्यांनी कापसाच्या हर्रासीत, म्हणजे लिलावात, जन्मभर ऐकलं होतं. "इवाई," ते म्हणाले, "खरं बोला आता. जनावरात सांगा, म्हंजे समजते."

सूर्यभानजींनी बरणीकडे पाहिलं. ओघळ पोटापर्यंत आला होता.

"म्हैस," ते म्हणाले. "दुभती."

"एक?"

"दोन."

हर्रासी तिथे तुटली. मनकर्णाबाईंनी बरणीला लागलेला हात निखाऱ्यावरून काढावा तसा काढला. मग फोनमधून वच्छलाबाईंचा आवाज आला, आणि त्यात राग नव्हता, नुसती चौकशी होती.

"एका बरणीच्या दोन म्हशी, तं त्या खोलीत एकूण किती म्हशी बांधून ठेवल्या तुमी?"

यावर सूर्यभानजींनी लाइन नीट नाही असं म्हणून पाहिलं. लाइन स्वच्छ होती.

पुढचं काम वेगळंच अवघड निघालं. बरणीला हात लावायला आता कोणी धजेना. मनकर्णाबाई म्हणाल्या, माझ्या हातून फुटली तर दोन म्हशी कुठून आणू. शेवटी सूर्यभानजींनी स्वतः लोणचं नव्या बरणीत काढलं आणि बाह्या सारून मोरीत बसले. ज्या वऱ्हाडात मुलीचा बाप मुलीच्या घरचं पाणी प्यायलासुद्धा बिचकत असे, त्या वऱ्हाडातला हा बाप विहिणीच्या मोरीत कोमट पाणी आणि बेसन घेऊन भांडं घासत होता. प्रतीक्षा पाणी घालत होती. किसनराव उंबऱ्यात उभं राहून पाहत होते, आणि चिडवायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण बरणीवरचं पाणी निथळलं आणि खिडकीतलं ऊन तिच्या पोटावर आलं. आत कुठेतरी दिवा ठेवल्यासारखा तो जांभळा उजळला.

"हे तं वांगंच झालं," किसनराव म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "काटेरी नाही. भरताचं."

झाकणाखाली, आतल्या बाजूला, बोटभर जागी हळद उतरली होती. ती निघाली नाही. सूर्यभानजींनी दोनदा घासलं, मग हात आवरला.

मनकर्णाबाईंनी विचार करून ठेवला होता. बरणी दीडशेची असती तर कदाचित ऐकलं असतं, पण दोन म्हशींचं भांडं रिकामं पाठवलं तर गावात तोंड दाखवता येणार नाही. त्यांनी शेतातून आलेला नवा मूग आणला, वानोळा म्हणून, आणि बरणी कोरडी करून स्वतःच्या हाताने, एकेक ओंजळ हळूच सोडत, काठोकाठ भरली. सूर्यभानजींनी विहीणबाईंना वाकून नमस्कार केला. मनकर्णाबाईंचं समाधान झालेलं दिसलं, कारण इवाई निघाले तेव्हा त्यांनी त्यांच्या शर्टाची ओली बाही पिळून दिली.

संध्याकाळी ते मांडीवर बरणी घेऊन घरी पोचले, तेव्हा माडीवरचा दिवा लागलेला होता. वच्छलाबाई गालिच्याच्या मधोमध मांडी घालून बसल्या होत्या. भोवती सगळा माल मांडला होता.

त्यांनी आवाज चढवला नाही. एकेका वस्तूवर बोट ठेवत गेल्या आणि सूर्यभानजी जनावरांत भाव सांगत गेले. थाळ्यांची जोडी, एक म्हैस. अंबाड्याचे काटे, एक गाय आणि कालवड. गालिच्यावर बोट आलं तेव्हा ते जरा अडखळले आणि बैलजोडी म्हणाले. बैलजोडी खिल्लारी होती, हेही त्यांनी पुढे जोडलं. वच्छलाबाई अंग चोरून गालिच्यावरून उतरल्या, मग काय वाटलं कोण जाणे, परत येऊन आधीपेक्षा ऐसपैस बसल्या.

मग त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावला. कानात जांभळ्या खड्यांच्या कुड्या होत्या. चीनच्या त्याच सहलीहून आणल्या म्हणून सूर्यभानजींनी त्या दिल्या होत्या, आणि वच्छलाबाई त्या सणासुदीला घालत.

"आन् ह्या?"

सूर्यभानजींना आयुष्यात पहिल्यांदा भाव चढवून सांगायची इच्छा झाली. अर्धी म्हैस म्हणायला काय जात होतं? निदान एक शेळी. बाईचा हात कानावर होता आणि ती वाट पाहत होती. तोंडात आलेली शेळी त्यांनी गिळली.

"फुकट," ते म्हणाले. "खताच्या पोत्यायवर स्कीम होती. काच हाय ते."

वच्छलाबाईंनी कुड्या काढल्या नाहीत. मूग परातीत ओतून घ्यायला त्यांनी बरणी जवळ ओढली, झाकण उघडून आतला हळदीचा डाग पाहिला आणि अंगठ्याने एकदा घासून पाहिला.

"म्हंजे बाकीचं खरं सांगतलं तुमी," त्या म्हणाल्या. "मंग पुढच्या टायमाले कलकत्त्याले मीबी येतो. म्हैस मी पाहून घेईन."