पंखांमधला खांब

घोडबंदर रोडवर गाडी अडकली की माणसाला नाही नाही ते सुचतं. जयेशला त्या दिवशी सुचलं नाही, दिसलं. आणि ते दिसलं नसतं तर बरं, असं त्याला होऊन गेलं.

शेजारच्या सीटवर मनुबाई बसल्या होत्या. वय नव्वदीपार, कोळीवाड्यातल्या सगळ्यात थोरल्या, जयेशच्या आजोबांची चुलत बहीण. मांडीवर मोठा करून घेतलेला फोटो: लष्कराचं जुनं टेहळणी विमान, पंखावर पंख असलेलं, आणि त्याला हात लावून उभा असलेला तरणाबांड गुणाजी, मनुबाईंचा बाप. ठाण्याच्या सभागृहात आज कोळीवाड्याच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन होतं. या फोटोखालची पाटी जयेशनेच लिहिलेली: 'वेस्टलँड वापिटी, कराची, १९३०.'

जयेश नोकरीला बँकेत, पण जीव जुन्या विमानांत. दोन महायुद्धांच्या मधल्या विमानांचे फोटो ओळखायचा त्याला नाद. नाद कसला, खूळच. विमानावरून साल काढावं, सालावरून विमान काढू नये, असं तो दुसऱ्यांना उठताबसता ऐकवायचा. आणि इथे स्वतःच शेण खाऊन बसला होता. घरातले सांगत, गुणाजी कराचीच्या विमानतळावर एक हंगाम मजुरी करून परतला आणि बत्तीस साली, मनुबाई पोटात असताना, खाडीत बुडाला. प्रेत काही मिळालं नाही. फोटो मात्र बऱ्याच वर्षांनी कराचीहून परतलेल्या एका मजुराने घरी आणून दिलेला. म्हणजे फोटो बुडण्याआधीचा, म्हणजे विमान वापिटी. बुरशी चढलेल्या त्या एवढ्याशा फोटोत दुसरं काही दिसतही नव्हतं.

आता मोठा करताना स्टुडिओवाल्याने बुरशी पार काढून टाकली होती. दोन पंखांच्या मधे, एकेका बाजूला, खांबांची एकच जोडी. वापिटीला दोन असतात. इंजिनाच्या धुराची नळी लांबच लांब, अंगाला चिकटून मागे गेलेली. हे हॉकर ऑडॅक्स होतं, आणि ऑडॅक्स हिंदुस्थानात आलं ते पस्तीस साल सरता सरता.

माणूस दुसराच असेल, अशी त्याने मनाची समजूत घालून पाहिली. पण पंखावर ठेवलेल्या डाव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. जाळ्याच्या दोरात गेलेल्या बापाच्या त्या बोटाची गोष्ट मनुबाईंनी त्याला शंभरदा सांगितली होती.

म्हणजे गुणाजी बुडाला नव्हता. पोटुशी बायको टाकून निघून गेला होता.

"इतका काय बघतोस?" मनुबाईंनी विचारलं. "चुकलास का काय?"

जयेशला दार उघडून पळत सुटावं असं वाटलं, पण उजवीकडे बस आणि डावीकडे ट्रक.

"नाही आजी. बरोबर आहे. वापिटीच."

मनुबाईंचा चेहरा खुलेल असं त्याला वाटलेलं. उलट चेहरा उतरला.

"बरं," त्या म्हणाल्या. "माझी आयस दर्याला नारळ देत नव्हती. सगळा कोळीवाडा पुनवेला खाडीवर, आन् आमचं दार बंद. माझा माणूस गिळला त्याला कसला नारळ, बोलायची. मी पण नाय दिला कवा. जिनं पोसलं त्या खाडीशी जन्मभर अबोला. म्हटलं, तू इमानांचं शिकलेला, तू काय तरी येगळं काढशील. दर्या त्या आळातनं सुटेल."

जयेशला स्वतःच्या जिभेची चीड आली. आपण दया केली असं तो समजत होता, आणि होती ती नुसती पळवाट.

"आजी, मी आत्ता खोटं बोललो." मग त्याने खांब दाखवला, नळी दाखवली, साल सांगितलं. बोट दाखवायची गरज पडली नाही. मनुबाईंनी आपलं बोट त्यावरच ठेवलं होतं.

"म्हंजे जित्ता होता."

"हो."

"आन् आला नाय."

मनुबाईंनी पदराने डोळे पुसले, पण पाणी काही थांबेना.

"गाडी वळव," त्या म्हणाल्या. "खाडीवर ने. वाटेत नारळ घे."

"आणि प्रदर्शन? सगळे वाट बघतायत."

"बघू दे. मला दर्याची माफी मागायची हाय."

जयेशने आरशात पाहिलं. मागे गाड्या, पुढे गाड्या, मधे दुभाजक. वळायला वीतभर जागा नव्हती. मनुबाईंनी फोटो पालथा घातला आणि दाराची कडी चाचपायला लागल्या. दार बोटभर उघडलं आणि ट्रकच्या चाकाला जाऊन टेकलं.