नानासोंची खानदानी मोटार

मी मोटार बोलतेय. जुनी, राजेशाही, लांब नाकाची, असं बघणाऱ्याला वाटतं. वाटू द्या. माझं अंग पत्र्याचं नाही, फायबरचं आहे. बागेतल्या घसरगुंड्या ज्याच्या करतात, त्याचीच मी. खाली एका मोडीत निघालेल्या जीपचा सांगाडा.

सांगलीजवळ फारूक मिस्त्रीच्या शेडात मला साच्यातून काढलं. मिस्त्री सरळ माणूस. मला घ्यायला आलेल्या नानासोंना तो म्हणाला, "आवं, ही शोभेची हाय. वरातीला फिरवा, पण जुनी म्हणून सांगू नगा."

"तू रंग मार रं," नानासो म्हणाले.

उंब्रजजवळच्या त्यांच्या गावी पोचेपर्यंत मी त्यांच्या पणजोबांची झाले होते! म्हणे संस्थानिकांनी खूष होऊन दिलेली. पणजोबा गुऱ्हाळावर जळण घालत होता, अख्ख्या गावाला ठाऊक. त्यात लाज कसली? पण ह्यांना वाटली. गावही गप्प, कारण प्रत्येकाला पोराच्या वरातीला मी हवी होते.

मग नानासोंच्या उदयसिंहला मेढ्याकडची क्रांती सांगून आली. पोरगी साताऱ्याच्या दवाखान्यात नर्स. तिची माणसं घर बघायला आली, तेव्हा नानासो माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "असल्या घराण्यातल्या सुना दुसऱ्याच्या चाकरीला जात न्हाईत."

पोरीचा बाप माझ्याकडं बघूनच दबला. क्रांतीनं नोकरी सोडायचं कबूल केलं. माझ्या रंगापायी एका पोरीची भाकरी जाणार होती. मला शिसारी आली, पण बोलणार कशी?

लग्नादिवशी परण्या निघाला. नवरदेव माझ्यात बसून मारुतीच्या दर्शनाला. क्रांतीचा मामा आकाराम, पलटणीतून रिटायर झालेला गडी, मानाचा नारळ घेऊन पुढं आला. घरच्या ट्रॅक्टरच्या लोखंडी बंपरवर नारळ फोडायची त्याची सवय. दिला ठेवून माझ्या नाकावर.

नारळ शाबूत. मला हे एवढं भोक.

बँजो थांबला. "जुनं लोखंड हाय, गंजलं आसंल," नानासो पुटपुटले.

मामानं भोकातले पांढरे धागे ओढून वर धरले. "लोखंडाला केसं येत्यात व्हय, पाव्हणं?"

माणसं पोट धरून हसली. क्रांती नाही हसली. हळदीच्या अंगानं मांडवातून आली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमाला ठावं हुतं?"

"नानांना इचार की."

"मी तुमाला इचारतीय."

हातात कट्यार, आणि गडी बापाकडं बघतोय!

"मी सोमवारी ड्युटीवर जाणार," क्रांती म्हणाली. "चालत आसंल तर खाली उतरा."

तो उतरला नाही. तशीच मला माघारी वळवली. क्रांती सोमवारी ड्युटीवर गेली.

आता मी हायवेला एका हॉटेलासमोर उभी आहे. भोकावर स्टिकर. लोक टेकून फोटो काढतात आणि फोनवर सांगतात, "आमच्या पाव्हण्यांची हाय." निर्लज्ज कुठले!

बायांनो, लेकीसाठी घर बघायला जाल तेव्हा दारातल्या मोटारीला टिचकी मारा. टणटण वाजली, तरी पोराला चार प्रश्न विचारा, आणि उत्तर त्याच्याच तोंडून घ्या. मी साच्यातून निघाले, म्हणून पोकळ. ह्या माणसांना कुणी साच्यात घातलं होतं?