बाटलीतली कॉफी

नवी खुर्ची घेतली, टेबलाची फळी बदलून घेतली, पाठीमागच्या भिंतीला रंग दिला, आणि नेमकं तेव्हाच घरातलं नेट गेलं. वर्षाली ढगेच्या गल्लीत नालीचं खोदकाम चालू होतं. जेसीबीनं एका घासात केबल तोडली. कंपनीचा माणूस फोनवर "उद्या येतो, ताई" म्हणे, आणि त्याचा तो उद्या काही उजाडत नसे.

वर्षाली पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून काम करी. विम्याचे दावे तपासायचे, दावा करणाऱ्याशी व्हिडिओवर बोलायचं, त्याचे कागद बघायचे. बोलता बोलता नेट अडलं की समोरच्याला वाटे, बाईनं मुद्दामच तोंड मिटलं. असं दोन-चारदा झालं तेव्हा तिच्या साहेबांचा, अनुप यांचा पुण्याहून फोन आला.

"मॅडम, काम तुमचं चांगलं आहे. पण शुक्रवारी विमा कंपनीची माणसं स्वतः लाइनवर बसून तुमचं काम बघणार आहेत. त्यात कट झालं तर मला तुम्हाला घरून ठेवता येणार नाही. पुण्याला येऊन बसावं लागेल."

पुण्याला जाणं म्हणजे नोकरी सोडणं, हे वर्षालीला ठाऊक होतं. नवरा मुकेश हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये. सकाळी जाई तो दिवेलागणीला येई. सासूबाई लीलाबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. घर टाकून जाणं शक्य नव्हतं, आणि नोकरी सोडवत नव्हती. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी तिला कुणी तिच्या स्वतःच्या नावानं ओळखत होतं.

म्हणून ती लॅपटॉप पाठीला लावून वर्ध्यात नेट शोधत निघाली.

बजाज चौकातल्या कॅफेत नेट चांगलं पळत होतं, पण तिथली गाणी त्याच्याहून जोरात पळत होती. व्हिडिओवरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, तुमच्याकडे लग्न आहे काय?" आर्वी नाक्याकडे एक शांत जागा होती. ती शांतता पडद्यांची होती. कॉलेजची पोरं जोडीनं येत आणि पडदा ओढून घेत. वर्षाली एकटीच आत शिरली तेव्हा गल्ल्यावरच्या माणसानं अदबीनं विचारलं, "दुसरे कधी येऊन राह्यले?" ती आल्या पावली फिरली. आणखी एका ठिकाणी पासवर्ड भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला होता. नेट तेवढं नव्हतं.

शेवटी सेवाग्राम रस्त्यावर 'संबोधी कॅफे' सापडलं. मालक राकेश थूल. पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होता, आई एकटी पडली म्हणून परत आला. त्यानं दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनी घेतल्या होत्या. एक गेली की दुसरी आपोआप चालू होई. शिवाय इन्व्हर्टर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या शेजारी बाबासाहेबांची, खाली ताजी फुलं. आत त्याची आई सुमित्राबाई चहा-कॉफी आणि पोहे करत. सेवाग्रामच्या दवाखान्यातली शिकाऊ डॉक्टर मंडळी येत, मान खाली घालून फोन बघत आणि जात. कुणी कुणाच्या मध्ये येत नसे.

"दिवसभर बसा, ताई," राकेश म्हणाला. "फक्त काहीतरी मागवत राहा, म्हणजे आमचंही चालते."

आणि इथंच घोडं अडलं.

दर चातुर्मासात वर्षाली काहीतरी सोडी. एका वर्षी वांगं सोडलं, एका वर्षी रात्रीचं मीठ. या वर्षी तिनं घराबाहेरचं अन्नपाणी सोडलं होतं. लग्नाघरचं नाही, देवळातल्या पंगतीचं नाही, बहिणीकडचं पाणीसुद्धा नाही. पण हे ती कुणाला सांगत नसे. नेम सांगत सुटलं की देवाला पोचायच्या आधी तो गावाला पोचतो, असं तिची आई म्हणे, आणि ते तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

न मागवावं तर बसायचं कसं? मागवावं तर प्यायचं कसं? आणि न पिता तसंच ठेवून यावं तर अन्न टाकल्याचं पाप. तिनं तिच्यापुरती वाट काढली. घरून स्टीलच्या दोन बाटल्या न्यायच्या. एकीत घरचं पाणी. कॉफी आली की ती दुसरीत ओतायची, झाकण घट्ट लावायचं आणि घरी लीलाबाईंना द्यायची. कॉफी वाया जात नव्हती, राकेशला गिऱ्हाईक मिळत होतं, नेम शाबूत होता. सगळ्यांचं भलं झालं असं तिला वाटलं.

लीलाबाईंचं तर फारच भलं झालं. त्या संध्याकाळी दारातच विचारत, "आणली का व? काल थोडी कमी होती."

गुरुवारी वर्षालीचं काम संपलं, कॅफेतही दुसरं कुणी नव्हतं. राकेश टेबलाजवळ येऊन उभा राहिला.

"ताई, एक विचारू का? राग नका मानू."

"विचारा ना, दादा."

"कॉफी खराब राह्यते का आमची?"

"नाही हो."

"मंग काऊन नाई पीत? रोज पाहून राह्यलो मी. कप येते, तुमी बाटलीत ओतता, झाकण लावता. पानीबी आमचं नाई घेत, आपलं घेऊन येता." त्याची नजर भिंतीवरच्या तसबिरींकडे गेली आणि परत आली. "घरी जाऊन नालीतच ओतायची हाय तं पैसे काऊन घालवता?"

वर्षालीला कळायला एक क्षण लागला. कळलं तेव्हा कानापर्यंत गरम झालं.

"दादा, तसं काही नाही. माझा नेम आहे. चातुर्मासात मी बाहेरचं काही घेत नाही. कुणाकडचंच नाही. कॉफी सासूबाईंना नेते."

राकेश हसला. ते हसू काही चांगलं नव्हतं.

"नेम. माह्या आजीलेबी लोक असंच सांगत. बारशाले बोलावलं तं उपास, लग्नाले बोलावलं तं उपास. लय देवाची माणसं होती आमच्या गावात."

"मी आत्ता पिऊन दाखवते," तिच्या तोंडून निघून गेलं.

"दाखवू नका," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "पिऊन दाखवाले का नाटक हाय हे? उद्यापासून दुसरी जागा पाहा, ताई."

त्यानं कप उचलला आणि तो आत गेला. उद्या शुक्रवार होता. गावात दुसरी जागा नव्हती, हे वर्षालीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरी लीलाबाई कप घेऊनच बसल्या होत्या. वर्षालीनं बाटली पुढं केली आणि काय झालं ते सांगितलं. राकेश कसं लागेल असं बोलला, आपल्याला काय समजला, सगळं. तिची समजूत होती की सासूबाई आपली बाजू घेतील.

लीलाबाईंनी कॉफी ओतून घेतली, एक घोट घेतला.

"खोटं नाई बोलला तो," त्या म्हणाल्या. "माह्या सासूले त्यायच्या वस्तीतून कोनी बोलावलं की ती म्हणे, आज एकादस हाय माय. तिची बाराही महिने एकादसच. अन् मी तिच्या मागं उभी राहून मान हालवो."

"मग आता तुम्ही ही कॉफी कशी पिता?"

"चांगली लागते म्हणून." त्यांनी आणखी एक घोट घेतला. "अन् सासू मेली माही."

दिवेलागणीला वर्षालीनं देवापुढं निरांजन लावलं. रोज ती स्तोत्र म्हणून झालं की काही ना काही मागे. आज उद्याच्या नेटचं मागावं असं मनात आलं, पण ते शब्द पुढं सरकेनात. एकादस हा शब्द मध्येच येऊन बसला होता. देवाजवळ ती नुसती बसून राहिली आणि मग उठून भाकरी थापायला गेली.

शुक्रवारी सकाळी ती गेली तेव्हा राकेश टेबलावर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या खाली उतरवत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि खुर्च्या उतरवत राहिला.

"दादा, माझा नेम खरा आहे," ती दारातूनच म्हणाली. तिचा आवाज मुळातच हळू. आज आणखी हळू झाला होता. "पण आमच्या घरात खोटे उपास सांगत होते, तेही खरं आहे. सासूबाई स्वतः म्हणाल्या. यातला कोणता खरा नि कोणता खोटा, ते तुम्हाला कसं कळावं?"

राकेशनं हातातली खुर्ची खाली ठेवली. ती सरळ केली. मग विचारलं, "आज काय हाय? तुमी कालपासून घाबरल्यासारख्या दिसून राह्यल्या."

"नोकरीची परीक्षा आहे. व्हिडिओवर."

"बसा. झाली की जा."

त्यानं काही आणलं नाही, तिनं काही मागवलं नाही. पडद्यावर विमा कंपनीची माणसं आली, अनुप आले, आणि आष्टीकडचे लक्ष्मणराव म्हणून एक गृहस्थ आले. त्यांच्या ऑपरेशनचं एक बिल सापडत नव्हतं आणि ते चिडले होते. वर्षाली त्यांना कागद एकेक करून कॅमेऱ्यापुढं धरायला सांगत होती. मध्येच कॅफेतले पंखे थांबले. वीज गेली होती. वर्षालीनं श्वास धरला. पण लक्ष्मणराव पडद्यावर हलत होते, बोलत होते, तावातावानं पिशवी उपसत होते. बिल चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलेलं निघालं. ते इतके खजील झाले की विमा कंपनीची माणसंही हसली.

सगळे गेल्यावर अनुप एकटे थांबले. "झालं, मॅडम. घरूनच करा. पुण्याचं नाव आता निघणार नाही."

तिनं लॅपटॉप मिटला. तेवढ्यात मुकेशचा फोन आला. "अवं, शेजारच्याचा फोन आलता. केबल जोडली म्हणे. आता त्या हॉटेलात जायचं काम नाई."

वर्षालीनं लॅपटॉप पिशवीत घातला, चेन ओढली. नोकरी राहिली होती, नेमही राहिला होता. राकेश गल्ल्याशी पाठमोरा उभा राहून बरण्या पुसत होता. "येते, दादा," म्हणून निघायचं एवढंच बाकी होतं. ती उठली. मग पुन्हा बसली.

"दादा, एक कॉफी द्या."

"बाटलीत?" त्यानं मागं न वळता विचारलं.

"कपात."

त्याचा हात बरणीवर थांबला. मग त्यानं आत आवाज दिला, "आई, एक कॉफी."

कप सुमित्राबाईंनीच आणून ठेवला. पलीकडे दोन शिकाऊ डॉक्टर आपापल्या फोनमध्ये होते. कुणी इकडं बघत नव्हतं. राकेश तर मुद्दामच बघत नव्हता. घरी पहिल्या घासाआधी घेई तसं वर्षालीनं मनात देवाचं नाव घेतलं आणि कप तोंडाला लावला. कॉफी कढत होती. जीभ पोळली. तिनं फुंकर घालून आणखी एक घोट घेतला.

"साखर जास्त आहे," ती म्हणाली.

बोलल्यावर तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. पण सुमित्राबाई कमरेवर हात ठेवून तिथंच उभ्या राहिल्या.

"जास्त? अवं, साऱ्या डाक्टर पोरी एवढीच पेतात!"

"सासूबाईंना आवडते. मला जास्त होते."

राकेश वळला. "म्हणजे सासूबाई खरंच पेत होत्या?"

"एकदा कमी आणली म्हणून चिडल्या होत्या. त्यांच्यासाठी एक बाटलीतही द्या. या साखरेची."

"बाटलीत चव जाते," सुमित्राबाई म्हणाल्या. "त्यायलेच घेऊन येजो ना."

"त्यांचे गुडघे दुखतात. जिना चढवत नाही."

"इथं कुठं जिना हाय?"

नव्हता. दोन पायऱ्या होत्या, त्याही ठेंगण्या. वर्षालीनं कप उचलून तोंडाला लावला. सुमित्राबाईंनी रिकामी बाटली घेतली आणि आत जाता जाता म्हणाल्या, "तुह्यात उद्या कमी टाकीन."

"चालेल," वर्षाली म्हणाली. केबल जोडल्याचं तिनं कुणाला सांगितलं नाही.