दारात कोण आलं

पवनीच्या केवळरामला ऐकू येईनासं झालं, तेव्हा त्यानं ते कोणालाच सांगितलं नाही. रेडिओ दुरुस्त करणारा बहिरा आहे म्हटल्यावर ट्रान्झिस्टर कोण ठेवून जाईल? आवाज आला की नाही, ते तो स्पीकरच्या पडद्यावर बोट टेकवून ओळखायचा. समोरच्याचं बोलणं ओठांवरून समजून घ्यायचा. पण उजेडासाठी टेबल मागच्या खिडकीशी होतं, दाराकडे पाठ. गिऱ्हाइकं हाका मारून निघून जायची.

बायको रुखमा गेल्यापासून घरात दुसरं माणूस नव्हतं. बाजाराच्या दिवशी आसगावहून मित्र सुखराम यायचा, चहा घेत धानाच्या गोष्टी सांगायचा. चौऱ्याऐंशी साली होळीनंतर त्याचंही येणं थांबलं. आपल्याशी बोलून तो कंटाळला असेल, असं केवळरामनं मनाशी धरलं आणि आसगावला गेला नाही.

उन्हाळ्यात त्यानं नागपूरहून इन्फ्रारेड एलईडी आणि फोटोडायोड आणले. एलईडीचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, फोटोडायोडला दिसतो. दोन्ही त्यानं दाराच्या चौकटीत छातीच्या उंचीवर शेजारी शेजारी बसवले. कोणी समोर उभं राहिलं की उजेड अंगावर आपटून परत येई. तो ठरवलेल्या पातळीच्या वर गेला, की कंपॅरेटरची चिप टेबलावरचा लाल दिवा लावी. सुरुवातीला दुपारच्या उन्हानंच दिवा लागायचा. मग फोटोडायोडला काळ्या कागदाची नळी घातली, पातळीचा स्क्रू जरा फिरवला, तेव्हा जमलं.

दिवा लागला की तो सावकाश वळे, जणू हाक ऐकली. गिऱ्हाइकं येऊ लागली, कामापुरतं बोलून जाऊ लागली. एखाद्या दिवशी कोणीच आलं नाही, तर तो स्वतःच दारात जाऊन उभा राही आणि आत लागलेला दिवा बघत बसे.

एका दुपारी दिवा लागला. दारात सुखरामची बायको धुरपता होती.

"या वहिनी."

"आज बरं वळून पाहिलं," ती म्हणाली. "होळीच्या बाजाराले हे आले होते. लय हाका मारल्या. तुमी पाठ करून बसले होते. केवळरामले आता आपली गरज नाही म्हणत घरी आले."

केवळरामनं हातातलं काम खाली ठेवलं. "मले ऐकू येत नाही, वहिनी. लय दिवस झाले."

धुरपता दारातून आत आली. "मंग सांगाचं नाही का, भाऊजी? आता त्यायले लकवा मारला. तुमचंच नाव घेऊन राहिले."

तो तसाच तिच्याबरोबर आसगावच्या एसटीत बसला. सुखराम खाटेवर पडून होता, तोंड एका बाजूला ओढलेलं. केवळरामला पाहताच त्यानं बोलायला सुरुवात केली. केवळराम त्याच्या ओठांकडे टक लावून पाहत होता. त्या वाकड्या ओठांवरून एकही शब्द उलगडेना.

"काय म्हणते?" त्यानं धुरपताला विचारलं.

"मलेबी समजत नाही. बसा तुमी. बोलू द्या त्यायले."

केवळराम खाटेच्या काठावर बसला आणि सुखरामचा चांगला हात हातात घेतला. सुखराम बोलत राहिला. केवळराम मान हलवत राहिला.