ललिताताईंचा भोंगा

दिघोरीच्या ग्रामपंचायतीच्या छतावर, तलावाकडे तोंड करून बसलेला ॲल्युमिनियमचा जुना भोंगा तुम्ही पाहिला असेल. तोच मी. मित्रांनो, माझा जन्म नागपूरच्या एका कारखान्यात झाला, पण मला कंठ फुटला तो भय्याजींच्या मंडप डेकोरेशनमध्ये. लग्नात मी सनई वाजवली, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकांची जाहिरात करत गावोगाव फिरलो. मात्र माझं खरं आयुष्य ललिताताईंबरोबर गेलं.

ताई धानाची शेती करणाऱ्या घरातल्या. सरपंच झाल्या तेव्हा पहिल्याच सभेत माइकसमोर त्यांना शब्द फुटेना. भय्याजी हळूच म्हणाले, "ताई, भिऊन कायले राहिल्या? तो काही चावत नाही."

ताई हसल्या. "मले भाषण येत नाही," त्या म्हणाल्या. "तलावाची पाळ फुटली हाय. उद्या सगळे फावडे घेऊन या."

बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी सारं गाव पाळीवर होतं. मला केवढा अभिमान वाटला!

पुढे ताई जिल्हा परिषदेत गेल्या, आमदार झाल्या. प्रचाराच्या जीपवर दोरीनं बांधलेला मी धूळ खायचो, पण ऐटीत. मग त्या पाटबंधारे खात्याच्या राज्यमंत्री झाल्या. सत्काराला मोठाले काळे साउंड बॉक्स आले. मला कुणी विचारलं नाही. गोदामात सतरंज्यांच्या मागे मी पडून राहिलो.

आणि मग ते कोरडं वर्ष आलं. धान गर्भावर, लोंबी धरायच्या बेतात असताना पाऊस निघून गेला. धरणात पाणी थोडं. आमचं गाव कालव्याच्या सुरुवातीला, म्हणून आधी आम्ही पाणी घ्यायचं आणि टोकाच्या गावांनी उरलंसुरलं, अशी रीतच होती. त्या वर्षी उरण्यासारखं काही नव्हतं. ताईंनी ठरवलं, पाणी आधी टोकाला जाईल. मुंबईहून नुसता हुकूम धाडला असता तरी चाललं असतं, पण त्या स्वतः सांगायला आल्या. नेमकी वीज गेली, मोठे बॉक्स मुके झाले. भय्याजींनी मला झटकलं आणि बॅटरीवर लावलं.

"पहिले पाणी टोकाच्या गावाईले," ताई म्हणाल्या. "मग आपल्याले."

एकच गलका झाला. ताईंचे दीर श्रावणभाऊ उभे राहिले. "वहिनी, आमच्या घरची मंत्री, अन् आमचीच धानाची बांधी वाळवून राहिली?"

"भाऊजी, माही बांधीबी तुमच्या बाजूलेच हाय." ताईंचा आवाज कापत होता. तो तसाच कापरा मी चौकभर पोचवला. "तिकडच्या लोकायनं किती वर्सं आपलं उरलेलं घेतलं. यंदा आपण थांबू."

लोक उठून गेले. रिकाम्या सतरंज्यांपुढे ताई शेवटपर्यंत बोलल्या, कोणत्या पाटाला पाणी कधी येईल ते सगळं.

टोकाचं धान पिकलं. आमच्याकडेही पाणी आलं, पण उशिरा. श्रावणभाऊंची उंचावरची बांधी वाळलीच. पुढच्या निवडणुकीत ताई पडल्या. आमच्याच गावानं त्यांच्याकडे पाठ फिरवली.

मुंबईचं घर रिकामं करून त्या परतल्या, तेव्हा मी लाखांदूरच्या बसस्टँडसमोर भय्याजींच्या रिक्षावर नाटकाची जाहिरात करत होतो. एसटीतून ताई उतरल्या. हातात एक बॅग. ना हार, ना गर्दी. समोर श्रावणभाऊ मोटारसायकल घेऊन उभे होते. भय्याजींनी मला बंद केलं.

"भाऊजी, तुमी काहून आले?"

"उद्या आपल्या धानाचा चुरणा हाय, वहिनी. मळणीले माणसं कमी पडून राहिले." त्यांनी बॅग घेतली. मग खाली बघत म्हणाले, "टोकाच्या गावचे दोघं-तिघं मदतीले येतो म्हणत होते. म्या म्हटलं, या."

ताईंनी पदर तोंडाशी धरला आणि मागे बसल्या.

आता मला पंचायतीच्या छतावर बसवलंय. ताई गावात पाणीवाटपाचं काम बघतात आणि कुणाची पाळी कधी, ते माझ्यातूनच सांगतात. माझ्यावर पोचे पडलेत, आवाज घोगरा झालाय, पण मी सुखात आहे. मित्रांनो, मला पुसा, रंग द्या, तुमची मर्जी. पण एवढं मात्र करा. कुणी तुम्हाला न आवडणारी गोष्ट सांगायला माइकसमोर उभं राहिलं, तर उठून जाऊ नका. पूर्ण ऐका. मग खुशाल भांडा.