खांदा बसवताना

हाडवैद्य तामने म्हातारीचं कोपर हातात धरलं आणि तिच्या मुलाकडे, वाय-लुनकडे, मान वळवली. चीनमधल्या फोशान शहराच्या त्या गल्लीत निखळलेला खांदा बसवायची त्याची हीच रीत होती. घरच्या माणसाने दुखणाऱ्याला बोलण्यात गुंतवायचं, मग तो झटका द्यायचा.

"बोल काहीतरी," तो म्हणाला. "खांदा विसरेल असं बोल."

आपल्या पाळीची वाट बघत बाकावर बसलेल्या बायका वाय-लुनकडे कौतुकाने बघत होत्या. का नाही बघणार? आल्यापासून आईचं एकच पुराण चाललं होतं: होणाऱ्या व्याह्यांबरोबर जेवायला गेलो, वेटर उकळतं सूप घेऊन अंगावरच येत होता, लेकाने हाताला धरून ओढलं म्हणून वाचले. खांदा निखळला तर निखळला. असा मुलगा मिळायला नशीब लागतं, असं एकीने म्हटलंसुद्धा.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सूप कुठलं नि काय! आई उरलेलं बदक पिशवीत भरत होती, वर व्याह्यांच्या ताटल्यांतली हाडंही, शेजारच्या कुत्र्यासाठी म्हणून. होणारी सासू नुसती हसली होती. तेवढ्या हसण्यापायी त्याने जन्मदात्रीला खुर्चीवरून खेचून उठवलं होतं.

"अरे बोल ना, अंग आखडलंय तिने."

"आई, सूप नव्हतंच," वाय-लुन म्हणाला. "मला तुझी लाज वाटली, म्हणून ओढलं."

आईने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याच क्षणी तामने झटका दिला आणि खांदा कट्कन जागेवर बसला. तिने हूं की चूं केलं नाही. ताम खूश झाला. थोडे दिवस जपा, उन्हाळा संपायच्या आत या हाताने पाण्याच्या बादल्या उचलाल, म्हणाला. बाकावरच्या बायका आता भिंतीकडे बघत होत्या.

वाय-लुनने खाली बसून तिच्या पायांत चपला सरकवल्या. माफी मागायची होती, पण मान वर करायची हिंमत होईना.

"लग्न थंडीत ना रे?" तिने विचारलं. आवाज नेहमीचाच, भाजीचा भाव विचारावा तसा.

"हो."

"मग रीतीप्रमाणे सूनबाई गुडघे टेकून सासूला चहा देईल ना, तेव्हा माझ्या जागी तुझ्या मोठ्या काकूला बसव. व्याह्यांनी विचारलं, तर सांग, आईचा हात दुखतो."