पांढऱ्या भिंतीवरचा ओघळ

मित्रांनो, मी एक जुनी पन्हळ आहे. बोरीच्या खोडातून कोरून मला हद्रामौत या अरबी मुलखाच्या दरीतल्या एका उंच मातीच्या घरावर बसवले. गच्चीवरचे पाणी लांब फेकणे हे माझे काम. मातीचे घर उन्हाला भीत नाही, पण माथ्यावर पाणी तुंबले की ते बसते. शेजारचे घर तसेच बसलेले मी पाहिले आहे.

पूर्वी पाऊस थोडा थोडा येई आणि लोक माझे कौतुक करीत. पुढे तो वर्षानुवर्षे रुसू लागला, आणि आला की धो धो कोसळू लागला. माझा ओठही झिजला. माझ्या धारेचा तांबूस ओघळ भिंतीवर उतरू लागला.

घरधनी करामाने मुलीच्या, शफियाच्या लग्नासाठी सगळे घर चुन्याने पांढरेशुभ्र केले. मग त्याची नजर माझ्यावर पडली आणि पांढऱ्या भिंतीवर ओघळ नको म्हणून त्याने माझे तोंड चिखलाने लिंपून टाकले.

त्याची थोरली बहीण बरका म्हणाली, "घराचं नाक बुजवलंस की रे!"

"ताई, आभाळ कधीपासून कोरडं ठाक आहे. एवढं लग्न होऊ दे, मग काढतो."

मित्रांनो, मला फार वाईट वाटले. लग्नाच्या दिवशी दुपारीच आभाळ भरून आले, वरात दाराशी पोहोचली आणि पाऊस कोसळला. आमच्याकडे लग्नातला पाऊस म्हणजे आशीर्वाद. सगळे भिजत नाचू लागले आणि सर्वांत पुढे करामा! गच्चीचे तळे झाले होते, तुळया कण्हत होत्या, आणि मी मुकी.

वरच्या खोलीत शफियाच्या मेंदीच्या हातावर छतातून चिखलाचा थेंब पडला.

"आत्या, छत गळतंय."

बरकाने कॉफी कुटायचा दांडा उचलला आणि ती गच्चीचा जिना चढू लागली. ते कळताच करामा नाच सोडून तिच्यामागे धावला.

"ताई, थांब. भिंत खराब होईल."

"भिंत उरली तर होईल ना, शहाण्या!"

तिने दणके घातले. चिखल निखळला आणि माझा गळा मोकळा झाला. इतक्या वर्षांचे साठलेले सारे मी एकदम बोलून टाकले. धार थेट नवरदेवाच्या डोक्यावर! वरात हसून लोळली. भिंतीवर वरपासून खालपर्यंत तांबूस ओघळ उमटला. करामा गच्चीवरून वाकून तो ओघळ बघतच राहिला.

"बघतोस काय?" बरका म्हणाली. "पोरीबरोबर घरालाही मेंदी लागली."

मित्रांनो, पाऊस आता सांगून येत नाही. आभाळ निळे असतानाच आमची तोंडे साफ करा. करामा आता तेच करतो. दरवर्षी तो भिंतीला चुना देतो, पण त्या ओघळाजवळ आला की कुंचला बाजूला घेतो आणि गवंड्यालाही बजावतो, "तेवढी मेंदी राहू दे."